घरांतला समुद्र आणि त्याचे सफाईवाले

चैत्र महिना लागला म्हणजे मुंबई, ठाणें, रायगड या बाजूंचे कोळी लोक पालख्या घेऊन घाट चढतात आणि कार्ल्याच्या एकवीरेच्या दर्शनाला मावळांत येतात. ज्यांचा सारा संसार समुद्रावर, त्यांची कुलदेवता लेण्याच्या दाराशीं डोंगरांत बसलेली पाहून नवख्या माणसास नवल वाटतें. उलट बाजूनें, लोणावळा व वळवण येथील तलावांचें पाणी १९१५ सालापासून मोठमोठ्या नळांतून घाटाखालीं खोपोलीस उतरतें, तेथें वीज निर्माण करतें आणि पाताळगंगेच्या वाटेनें समुद्रास जाऊन मिळतें. मावळचा आणि समुद्राचा संबंध असा जुनाच आहे. अलीकडे त्यांत एका हौसेची भर पडली आहे. पूर्वीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत गोड्या पाण्यांतले सोनेरी मासे असत. आतां हौशी गृहस्थाला खाऱ्या पाण्याची पेटी हवी असते, आणि ही हौस घाट चढून वर आली आहे.

ही हौस खर्चाची आहे, आणि खर्चापेक्षां चिकाटीची अधिक आहे. दर लिटर पाण्यामागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार, पाण्याची उष्णता २५ अंशांच्या आसपास, पाणी सतत खेळतें, आणि दिवा रोज ठराविक वेळ. इतकें सांभाळल्यावरही दुसऱ्या तिसऱ्या महिन्यांत कांचेवर प्रथम तपकिरी पूड व मागाहून हिरवा थर धरूं लागतो. माशांनीं टाकलेलें अन्न वाळूंत कुजूं लागतें. मग गृहस्थ दुकानदाराकडे जातो. दुकानदार सांगतो, ‘डझनभर गोगलगायी न्या, अर्धा डझन शंखांतले खेकडे न्या, एखादी कोळंबी न्या, तीं सगळें साफ ठेवतील.’ प्लॅस्टिकच्या पिशव्या चिक्कीच्या पुड्यांशेजारीं गाडींत ठेवून तो घरीं येतो. पंधरा दिवस कांच आरशासारखी लखलखते. चार महिन्यांनीं पेटींत रिकामे शंख उरतात, आणि ते कधीं रिकामे झाले हें घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं.

गोगलगाईकडून पेटी साफ करून घेण्याची कल्पना आजची नव्हे; ती या छंदाएवढीच जुनी आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८४९ सालीं एका कांचेच्या पात्रांत कांहीं सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेवली. वनस्पति प्राणवायु देईल, मासे तो घेतील व पाणी बदलावें लागणार नाहीं, असा त्याचा तर्क होता. परंतु थोड्याच दिवसांत वनस्पतीचीं जुनीं पानें कुजलीं, पाणी गढूळ झालें आणि कांचेवर शेवाळ चढलें. तेव्हां त्यानें त्यांत तळ्यांतल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व शेवाळ खाऊन पाणी निवळलें. त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांनीं खाल्लीं. १८५० सालीं वॉरिंग्टननें हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला आणि पुढें समुद्राच्या पाण्यावरही तो करून पाहिला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें तें याच विचाराच्या जोरावर.

या प्रयोगांतली एक गोष्ट आजच्या हौशी लोकांच्या लक्षांतून सुटते. वॉरिंग्टनच्या पात्रांत पानें रोज कुजत होतीं आणि शेवाळ रोज वाढत होतें, म्हणून गोगलगायींना रोज जेवण होतें. त्यांचें काम आणि त्यांचें अन्न एकच होतें. काम संपलें कीं अन्न संपलें. डझनभर गोगलगायी एका लहान पेटींत सोडणारा मनुष्य बारा पाहुणे बोलावून एका पंगतीचीच तजवीज करतो. दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांनीं काय खावें, याचा विचार त्याच्या मनांत येत नाहीं. समुद्रांतली गोगलगाय एका दिवसांत मरत नाहीं. ती आठवडेच्या आठवडे शंखांत आकसत जाते. मासा आजारी पडला तर त्याचा रंग उतरतो, तो तिरपा पोहतो, घरांतलीं मुलें ओरडून सांगतात. शंखाचा रंग मात्र जिवंतपणीं जसा तसाच मेल्यावरही राहतो. यास्तव या प्राण्यांची निवड करतांना ‘हा किती साफ करील’ या प्रश्नाआधीं ‘हा काय खातो, आणि तें माझ्या पेटींत वर्षभर आहे काय’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

पेटींतली खरी सफाई डोळ्यांना दिसत नाहीं. माशांच्या विष्ठेंतून व कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया निघतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. पहिलीं दोन द्रव्यें विषारी. तिसरें बरेंच सौम्य, पण तें साठत जातें व शेवाळाला खत होतें. हे जंतु दगडांवर व वाळूंत वस्ती करतात आणि ती वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वीं सोडलेला कोणताही प्राणी सफाई करण्याऐवजीं बहुधा स्वतःच त्या विषाचा बळी होतो. साठलेलें नायट्रेट बाहेर काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे दर आठवड्याला अथवा पंधरवड्याला थोडें पाणी बदलणें. तेथें कोणतीही गोगलगाय उपयोगी पडत नाहीं. गोगलगाय शेवाळ खाते, पण विष्ठा पेटींतच टाकते.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळावयाचें. कांचेवरचा पातळ थर हा ज्या घरचा त्रास आहे, त्या घरानें नेराइट जातीची लहान, गोलसर गोगलगाय आणावी. ही समुद्रकाठच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत राहते, तेव्हां थोडाफार उष्णतेचा व क्षारांचा फेरफार ती इतरांपेक्षां बरा सोसते. मात्र त्याच संवयीमुळें ती पाण्याबाहेर चढते, म्हणून पेटीवर झांकण हवें. नाहीं तर सकाळीं ती गालिच्यावर सांपडते. ती कांचेवर तिळाएवढीं पांढरीं अंडीं चिकटवते. त्यांतून पेटींत पिल्लें वाढत नाहींत, आणि तीं अंडीं खरवडून काढणें हें एक कंटाळवाणें काम आहे. परंतु तेवढा कंटाळा ज्यास सोसवत नाहीं त्यानें या छंदांत पडूं नये हें बरें.

केसांसारखें लांब शेवाळ वाढलें असेल तर टर्बो जातीचा मोठा शंख तें झपाट्यानें फस्त करतो. पण तो मोठा खादाड व धसमुसळा. दगडांवर बसविलेल्या वस्तु तो पाडतो, आणि स्वतः उताणा पडला तर पुष्कळदां त्यास उलटतां येत नाहीं. तसाच पडून तो मरतो व कुजतो. लहान पेटींत असा एक शंख कुजला तर पाण्यांत जितका अमोनिया येतो, तितका चार माशांच्या विष्ठेनेंही येत नसेल. त्याच्याच कुळाशीं जवळचा ट्रोकस जातीचा शंख आकारानें शंकूसारखा असून उताणा पडल्यास आपला आपण सरळ होतो. रोज सकाळ-संध्याकाळ पेटीपाशीं बसणाऱ्यानें टर्बो ठेवावा. इतरांस ट्रोकस बरा.

वाळूंतल्या कामासाठीं दोन निराळे प्राणी आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमीं होते. सेरिथ नांवाची लांबट मिनाराच्या आकाराची गोगलगाय रात्रीं वाळूंतलें शेवाळ व गाळ खाते. नॅसॅरियस मात्र मांसाहारी. ती दिवसभर वाळूंत पुरून राहते, फक्त सोंडेसारखी एक नळी वर काढून ठेवते आणि माशांचें अन्न पडल्याचा वास येतांच भुतांप्रमाणें वाळूंतून वर येते. मुलांना हा प्रकार फार आवडतो. जेथें मासे अन्न टाकतात तेथेंच तिचा उपयोग. कांचेवरचें शेवाळ ती चाटणार नाहीं. शेवाळासाठीं नॅसॅरियस आणणें म्हणजे गवत काढण्यासाठीं मांजर पाळणें होय.

रिकाम्या शंखांत राहणारा खेकडा पाहण्यास मोठा गमतीचा आहे. मुंबईस वरळी, वांद्रें येथील खडकांवर ओहोटीच्या वेळीं तो सहज दिसतो. तो शेवाळ खातो, कुजकें मांस खातो, उरलेंसुरलें सर्व खातो. आणि अंगानें वाढला कीं मोठें घर शोधूं लागतो. पेटींत रिकामे शंख ठेवले नसले तर तो जिवंत गोगलगाईस मारून तिचा शंख घेतो. म्हणून खेकड्यांच्या संख्येच्या दुप्पट तरी, लहानमोठे, आंतून गुळगुळीत असे रिकामे शंख पेटींत ठेवावे. ज्या घरास गोगलगायी प्रिय आहेत, त्यानें हे खेकडे न आणलेलेच चांगले. दुकानदार या दोघांना एकाच पिशवींत घालून देतो याचें कारण दुकानदारी, निसर्ग नव्हे.

कोळंबींपैकीं तांबड्या अंगावर पांढरा पट्टा असलेली जी जात आहे, ती माशांच्या अंगावरचे परोपजीवी कृमि व मेलेली कातडी वेंचून खाते. प्रवाळखडकांच्या प्रदेशांत मोठमोठे मासे तिच्यापुढें येऊन तोंड उघडून उभे राहतात. पेटींत मात्र तिला माशांच्याच अन्नांतला वांटा द्यावा लागतो, कारण निरोगी माशांच्या अंगावर तिला पुरेल इतकें कांहीं नसतें. तारामासा या यादींत मुळींच येऊं नये. वाळू चाळणाऱ्या तारामाशास वाळूंतले बारीक जीव लागतात. लहान पेटींतले ते तो थोड्याच दिवसांत संपवितो व पुढें कांहीं महिन्यांत उपाशी मरतो. तो सुंदर दिसतो, म्हणून विकला जातो, एवढीच त्याची पात्रता.

समुद्रकाकडीविषयीं तर निराळेंच सांगावयाचें आहे. परदेशांतलीं पुस्तकें वाळू साफ करण्यासाठीं तिची शिफारस करतात. आपल्या देशांत २००१ सालीं समुद्रकाकडीच्या सर्व जाती आणि खडक बांधणारीं पोवळीं वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या परिशिष्टांत घालण्यांत आलीं. तीं पकडणें व विकणें हा गुन्हा आहे. तेव्हां कोणी समुद्रकाकडी अथवा पोवळ्यांनीं भरलेला ‘जिवंत दगड’ देऊं केला तर तो स्वस्त असो वा महाग, नाकारावा. शिवाय ती काकडी पेटींत मेली तर तिच्या अंगांतल्या विषानें मासेही मरूं शकतात.

रविवारीं मुंबईस गेल्यावर ओहोटीच्या वेळीं खडकांवरून चार शंख वेंचून आणावे, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. त्यांत दोन अडचणी आहेत. एक तर शहराच्या काठचें पाणी सांडपाण्यानें मलिन झालेलें असतें. दुसरें असें कीं, खडकांवर एकमेकांसारखे दिसणारे शंख स्वभावानें अगदीं भिन्न असतात; कांहीं शेवाळ खातात, तर कांहीं दुसऱ्या शंखाला भोंक पाडून आंतला प्राणी खातात. शंकूच्या आकाराच्या कांहीं जाती तर विषारी दंश करतात. ओळख नसलेला शंख हातांत घेऊं नये, मुलांना तर मुळींच घेऊं देऊं नये.

हें झालें सर्वसाधारण. लोणावळ्याच्या घरांत या प्राण्यांवर जीं संकटें येतात तीं मुंबईच्या घरांतल्याहून थोडीं वेगळीं आहेत. पहिलें थंडीचें. पौषांत रात्रीं पारा १५ अंशांच्याही खालीं जातो. विजेची कांडी बंद पडली तर पहांटेपर्यंत पाणी गार होतें, गोगलगायी कांचेवरून सुटून खालीं पडतात आणि घरचा माणूस त्या मेल्या असें समजतो. पाणी हळूहळू कोमट केल्यास त्यांतल्या कांहीं पुन्हां चालूं लागतात. दुसरें पावसाचें. येथें वर्षाला १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. वादळांत तारा तुटतात, वीज तासन्‌तास जाते, आणि खेळतें पाणी थांबलें कीं प्राणवायु कमी होऊन कोळंबी गुदमरते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पेटीशेजारीं तयार ठेवावा.

पाऊस आला कीं किडेही येतात, आणि किड्यांबरोबर फवाऱ्याचे डबे. हा धोका फार थोड्यांस ठाऊक असतो. डांस, झुरळें मारणारें जें औषध आहे, तें माशांना घातक आहेच, पण खेकडे व कोळंबी यांना विशेष घातक आहे, कारण झुरळ आणि कोळंबी हीं एकाच मोठ्या वर्गांतलीं भावंडें. ज्या खोलींत पेटी आहे तेथें फवारा मारूं नये. मारणें भागच पडलें तर पेटी झांकून हवेचा पंप बंद ठेवावा आणि वारा खेळूं द्यावा.

तिसरें संकट स्वयंपाकघरांतून येतें. पेटींतलें पाणी आटतें तें गोडें. क्षार मागें राहतो. १०० लिटर पाण्यांत ३५ ग्रॅमप्रमाणें साडेतीन किलो क्षार असतो. १० लिटर पाणी आटलें कीं तोच क्षार ९० लिटरांत राहून प्रमाण लिटरला ३९ ग्रॅमवर जातें. ही भर गोड्या पाण्यानेंच घालावयाची असते, आणि तें पाणी घरांतलें कोणी तरी सहज तांब्याच्या हंड्यांतून आणून ओततें. माणसाला तांब्याचें पाणी पथ्यकर म्हणतात. गोगलगायींना, खेकड्यांना व कोळंबीला तांब्याचा अंश विषासारखा आहे. माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांवर दुकानांत मिळणारीं कित्येक औषधेंही तांब्याचींच असतात. आजारी मासा वेगळ्या भांड्यांत काढून त्यास औषध द्यावें, मुख्य पेटींत नव्हे. पत्र्याच्या छपरावरून आलेलें पागोळीचें पाणीही घालूं नये. त्यांत जस्त उतरलेलें असतें. गाळलेलें, क्लोरिन काढलेलें पाणी कांचेच्या अगर प्लॅस्टिकच्या भांड्यांतून घालावें.

चौथें संकट मावळचें खास आहे. येथील पुष्कळ बंगले शनिवार-रविवारीं उघडतात व एरवीं माळ्याच्या हवालीं असतात. माळ्याला सांगितलेलें असतें, ‘माशांना रोज खायला घाल.’ तो बिचारा चिमूटऐवजीं मूठ घालतो, कारण उपाशी ठेवल्याचा ठपका त्याला नको असतो. उरलेलें अन्न कुजतें, शेवाळ माजतें. मग मालक येऊन आणखी गोगलगायी आणतो. पुढच्या महिन्यांत माळ्यास ताकीद मिळते, तो अन्न कमी करतो, शेवाळ कमी होतें आणि गोगलगायी उपाशी मरतात. अशा घरीं सात दिवसांचें अन्न सात पुड्यांत मोजून ठेवावें, वारांचीं नांवें पुड्यांवर लिहावीं आणि पेटींत फार तर दोन-तीन नेराइट असाव्या. मोठा टर्बो व कोळंबी, जीं मेल्यावर लगेच काढावीं लागतात, तीं बंद घरांत ठेवूं नयेत.

संख्येविषयीं विचारल्यास, १०० लिटरांच्या पेटीसाठीं आरंभीं तीन-चार गोगलगायींहून अधिक आणूं नयेत. तीन-चार आठवड्यांनीं शेवाळ उरलेलें दिसलें तर आणखी दोन. शेवाळ संपत आलें तर वाफवलेलें पालकाचें पान अगर वाळविलेलें समुद्रशेवाळ दगडाखालीं दाबून ठेवावें व न खाल्लेलें दुसऱ्या दिवशीं काढावें. कांचेचा थोडा भाग मुद्दाम न खरवडतां ठेवणें हा त्याहून सोपा उपाय. मागची कांच पाहुण्यांना कोठें दिसते?

आणल्यावर पिशवी एकदम उलटी करूं नये. समुद्रांतले हे बहुतेक जीव आपल्या शरीरांतल्या क्षाराचें प्रमाण भोंवतालच्या पाण्यापेक्षां वेगळें राखूं शकत नाहींत. पाणी अचानक बदललें कीं त्यांच्या पेशींवर ताण येतो. पेटींतलें पाणी बारीक नळीनें थेंब-थेंब पिशवींतल्या पाण्यांत सोडावें. त्यास तास-दीड तास लागावा. प्रवास घाटांतला असला तर पिशवी थर्मोकोलच्या डब्यांत ठेवावी, उन्हांत ठेवूं नये. पिशवींतलें पाणी पेटींत ओतूं नये.

नको झालेले प्राणी कोठें सोडावेत, असें विचारणारेही असतात. वळवणच्या तलावांत किंवा इंद्रायणींत ते सोडूं नयेत. खाऱ्या पाण्यांतले तेथें मरतील. गोड्या पाण्याच्या पेटींतले सफाईवाले मरत नाहींत, आणि तें अधिक वाईट आहे. कांच चाटण्यासाठीं विकला जाणारा दक्षिण अमेरिकेंतला ‘सकर’ मासा असाच सोडून दिल्यामुळें भारतांतल्या कित्येक नद्यांत ठाण मांडून बसला आहे. मुंबईच्या समुद्रांतही दुकानांतला प्राणी परत सोडूं नये. तो कोणत्या समुद्रांतला व कोणता रोग घेऊन आलेला, हें कोणाला सांगतां येणार? तो दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

मेलेला शंख ओळखण्याची रीत साधी आहे. तो उचलून नाकाजवळ न्यावा. मेला असल्यास दुर्गंधीनें तत्क्षणीं कळतें. जिवंत असल्यास तोंडावरचें झांकण तो आंत ओढून घेतो. खेकडा आणि कोळंबी यांच्या बाबतींत मात्र घाई करूं नये. सकाळीं पेटीच्या तळाशीं पाय, डोळे, मिशा यांसह अख्खा खेकडा निश्चल पडलेला दिसतो आणि घरांत हळहळ सुरू होते. तो हलक्या हातानें उचलावा. आंतून पोकळ व पारदर्शक निघाला तर ती नुसती टाकलेली कात असते, व तिचा मालक नव्या अंगानें एखाद्या दगडामागें दडून बसलेला असतो. दोन-तीन दिवस तो बाहेर येत नाहीं, आणि तेवढे दिवस दगड हलवूं नये.